जजची सही की ऑफिसरची? 'वॉरंट' या एका शब्दातला घोळ

अमेरिकेत 2025 पासून 'आइस'ची (ICE, इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं खातं) धरपकड वाढली आणि मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन निरोप जोडीने फिरू लागले. पहिला: "आइसवाल्यांनी वॉरंट दाखवलं की दार उघडावंच लागतं." दुसरा: "आइसचं वॉरंट म्हणजे रद्दी." दोन्ही चूक. वॉरंट नावाचे कागद दोन आहेत, दोघांचं बळ वेगळं आहे, आणि निरोप पुढे ढकलणाऱ्याने सहसा दोन्हीपैकी एकही वाचलेला नसतो.

कोर्टाचं वॉरंट सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते थोडक्यात. वर कोर्टाचं नाव, बहुतेकदा 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट'. खाली जजची किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही. झडतीचं असेल तर जागा कोणती, शोधायचं काय आणि कधीपर्यंत, हेही लिहिलेलं. फेडरल झडती वॉरंट फार तर 14 दिवसांत बजावावं लागतं आणि जजने वेगळी परवानगी दिली नसेल तर सकाळी 6 ते रात्री 10 या वेळातच. पत्त्यातला अपार्टमेंट नंबर तुमचाच आहे ना, ते तपासा. सगळं जुळलं तर दार उघडायचं, नाहीतर ते फोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

दुसरा कागद म्हणजे प्रशासकीय वॉरंट. अटकेसाठी फॉर्म आय-200, आणि ज्याच्यावर हकालपट्टीचा अंतिम आदेश आहे त्याच्यासाठी फॉर्म आय-205. वर 'डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी', खाली इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही. मागणारं खातं तेच आणि मंजूर करणारंही तेच. आय-200 तर 'कोणत्याही इमिग्रेशन अधिकाऱ्यास' उद्देशून असतं, त्यात झडती घ्यायच्या घराचा पत्ता नसतो.

तरी ती रद्दी नव्हे. रस्त्यावर, पार्किंगमध्ये, दुकानाच्या काउंटरपुढे त्या कागदावर कायदेशीर अटक होऊ शकते. तो कागद देत नाही ती एकच गोष्ट: तुमच्या संमतीशिवाय घराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या पेटन खटल्यात चौथ्या घटनादुरुस्तीची (अवाजवी झडती-अटकेपासून संरक्षण देणारी तरतूद) रेघ नेमकी घराच्या दाराशी ओढली, आणि प्रशासकीय वॉरंट त्या रेघेच्या बाहेर राहतं. भारतात वाढलेल्यांना हे पचायला जड जातं. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करतात आणि संशयित घरात असेल तर घरच्यांनी वाट द्यावी असं कायदाच सांगतो. त्यामुळे शिक्का दिसला की हात आपोआप कडीकडे जातो.

इथवर बऱ्याच जणांना कळतं. खरी गफलत पुढे आहे, आणि 'जजची सही बघा' एवढंच लिहिणाऱ्या माहितीपत्रकांचा राग येतो तो त्यामुळेच. आय-205 वर 'जज' हा शब्द छापलेलाच असतो. हकालपट्टीचा अंतिम आदेश कोणी दिला हे सांगायला त्यात चौकटी आहेत: इमिग्रेशन जज, नेमून दिलेला अधिकारी, अपील बोर्ड, आणि चक्क डिस्ट्रिक्ट किंवा मॅजिस्ट्रेट कोर्टाचा जजसुद्धा. घाबरलेल्या माणसाची नजर खिडकीच्या काचेवर धरलेल्या कागदात 'जज' शोधते, तिला तो सापडतो, आणि दार उघडतं. पण ती चौकट फक्त जुन्या आदेशाचा इतिहास सांगते. वॉरंटवर सही अधिकाऱ्याचीच असते.

दुसरी फसगत त्याहून बारीक. समजा, खरोखरच इमिग्रेशन जजने सही केलेला आदेश समोर धरला. तरीही ते कोर्टाचं वॉरंट नव्हे. इमिग्रेशन जज काळा झगा घालतात, त्यांच्या जागेला 'इमिग्रेशन कोर्ट' म्हणतात, पण ते न्यायपालिकेत मोडत नाहीत. ते न्याय खात्याचे कर्मचारी, त्यांची नेमणूक ॲटर्नी जनरल करतात. तुम्ही देशात राहायचं की नाही हे ते ठरवू शकतात, पण तुमच्या घरात शिरायचं वॉरंट त्यांना काढता येत नाही. म्हणून कागदाचा मधला मजकूर सोडा. मथळा बघा आणि खालची सही बघा. मथळ्यात 'होमलँड सिक्युरिटी' असेल तर मध्ये काहीही छापलेलं असो, तो कागद प्रशासकीय.

एक गोष्ट मात्र लपवू नये. मे 2025 च्या एका अंतर्गत टिपणात आइसने अशी भूमिका घेतली की अंतिम आदेश झालेल्या माणसाच्या घरात आय-205 च्या जोरावर बळाने शिरता येईल. ते टिपण जानेवारी 2026 मध्ये बाहेर आलं. तेव्हा दार बंद ठेवणं हा हक्क असला तरी ते दार शाबूत राहीलच अशी हमी देऊ नका. आत शिरलेच तर "आय डू नॉट कन्सेंट" मोठ्याने म्हणायचं आणि हात दिसतील असे ठेवायचे. झटापट करायची नाही, पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही, खोटा कागद तर मुळीच दाखवायचा नाही. वेळ, बॅज नंबर, गाड्यांचे नंबर लिहून ठेवा. पुढे वकील लढतो तो याच तपशिलावर.

प्रत्यक्षात दार फोडण्याची वेळ क्वचितच येते, कारण दार आतूनच उघडलं जातं. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरी असतात, बेल वाजते, गणवेश दिसतो, आणि "या ना, बसा" म्हणत आई बाजूला सरकते. झाली संमती. मग वॉरंट कोणतं होतं हा प्रश्नच उरत नाही. दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चिठ्ठी लावा: दार उघडू नका, कागद दाराखालून सरकवायला सांगा, त्याचा फोटो मला पाठवा. साखळी लावून फट करणंही नको.

चार जण मिळून राहत असाल तर रूममेटने दिलेली परवानगी सामाईक खोल्यांना चालते. मात्र तुम्ही तिथेच हजर राहून नाही म्हणालात तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या रँडॉल्फ निकालानुसार तुमचा नकार वरचढ ठरतो, म्हणून गप्प बसू नका. घरमालकाला भाडेकरूच्या वतीने 'हो' म्हणता येत नाही.

कोर्टाचं अटक वॉरंटही सगळीकडे चालतं असं नाही. ते ज्याच्या नावाचं, त्याच्या स्वतःच्या घरापुरतं. तो तुमच्याकडे पाहुणा म्हणून उतरला असेल तर वेगळं झडती वॉरंट लागतं.

किरकोळ घोळ भराभर. आइसने जेलला पाठवलेलं 'डिटेनर' हे वॉरंट नसून सुटकेनंतर 48 तासांपर्यंत धरून ठेवण्याची विनंती असते. विमानतळावर, सीमेवर हे नियम लागू नाहीत. दुकान किंवा मोटेल असेल तर गिऱ्हाइकांची जागा सगळ्यांना खुली. स्वयंपाकघर, गोदाम, मागचं ऑफिस यांवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी लावा आणि पाटी पाळा. आय-9 (कर्मचाऱ्याला काम करण्याचा अधिकार आहे हे दाखवणारा, मालकाने ठेवायचा फॉर्म) तपासणीची नोटीस आली तर कागद देण्यासाठी कामकाजाचे निदान तीन दिवस मिळतात, त्याच दिवशी फायली उघडून बसायची गरज नाही.

एच-1बी वाल्यांनी एक भेद मात्र पक्का करावा. कामाच्या जागी साइट व्हिजिटला येणारे एफडीएनएसचे (फसवणूक तपासणारा विभाग) अधिकारी यूएससीआयएसचे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या खात्याचे, आइसचे नव्हेत. ते वॉरंट आणत नाहीत, पण जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नियमानुसार त्यांना सहकार्य नाकारलं तर पिटिशन (तुमच्यासाठी कंपनीने केलेला अर्ज) नामंजूर किंवा रद्द होऊ शकतं. ओळखपत्र मागा, खातं विचारा, मग ठरवा.

बाहेर पडताना 18 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवावा असा कायदा आहे. ग्रीन कार्ड असेल तर खरं कार्ड, नसेल तर आय-94 ची (देशात प्रवेश केल्याची नोंद) छापील प्रत. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

कोणी पकडलं गेलंच तर घरच्यांना आधी ए-नंबर लागतो: 'ए' आणि पुढे नऊ अंक, ग्रीन कार्डवर किंवा इमिग्रेशन कोर्टाच्या नोटिशीवर असतो. तो आणि जन्मदेश टाकून आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर शोधता येतं. 18 वर्षांखालची मुलं तिथे दिसत नाहीत. सुनावणीची तारीख 1-800-898-7180 या स्वयंचलित लाइनवर कळते. भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, अटकेतल्या माणसाने "माझ्या वकिलातीला कळवा" असं स्वतः म्हणावं लागतं. वकिलाने जी-28 फॉर्म (आपण या माणसाचे वकील आहोत असं कळवणारा) भरल्याशिवाय त्या प्रकरणाबद्दल आइसचं कोणी त्याच्याशी बोलत नाही. ए-नंबर, वकिलाचं नाव आणि मुलांना शाळेतून आणायला कोण जाईल त्याचं नाव, हे तिन्ही एका कागदावर लिहून तो घराबाहेरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे आजच देऊन ठेवा.