९९९९ च्या आत

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि एका रात्रीत तिच्या साऱ्या उड्डाणांचे क्रमांक बदलले. 'यूके ९५५' ची झाली 'एआय २९५५'. मागचे तीन आकडे तेच, पुढे फक्त एक २ चिकटवलेला. प्रवाशांच्या ओळखीचा आकडा राहिला आणि एअर इंडियाच्या स्वतःच्या तीन आकडी क्रमांकांशी टक्करही टळली. पण आकड्यांना असा काय तोटा, की टक्कर व्हावी?

तोटा आहेच. क्रमांकातली सुरुवातीची जोडी, म्हणजे एअर इंडियाचे 'एआय' किंवा इंडिगोचे '६ई', ही 'आयाटा' या जागतिक संघटनेने दिलेली असते. त्यापुढे कंपनीला जास्तीत जास्त चार आकडे मिळतात. १ ते ९९९९, संपला साठा. इंडिगोची रोजची उड्डाणेच दोन हजारांच्या वर जातात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विमानाला बहुधा लागोपाठचे क्रमांक मिळतात. चार्टर आणि रिकाम्या फेऱ्यांसाठी काही गठ्ठे बाजूला ठेवावे लागतात.

शिवाय कोडशेअर. मुंबईच्या टी-२ टर्मिनलवर फलकासमोर मिनिटभर उभे राहा. एकाच ओळीत वेळ तीच, गेट तेच, पण कंपनीचे नाव आणि क्रमांक दर काही सेकंदांनी बदलत राहतो. विमान एकच, तिकिटे विकणाऱ्या कंपन्या तीन-चार, आणि प्रत्येकीने त्यासाठी आपल्या साठ्यातला एकेक आकडा खर्ची घातलेला. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना, एकमेकींत विलीन होत गेल्यावर, ही चणचण चांगलीच जाणवली. तिथे एकाच क्रमांकाखाली दिवसभरात दोन टप्पे उडतात आणि मधल्या शहरात चक्क विमानही बदलते.

कारण क्रमांक विमानाचा नसतोच. विमानाची ओळख म्हणजे त्याच्या अंगावरची नोंदणी, आपल्याकडे 'व्हीटी' ने सुरू होणारी. क्रमांक असतो फेरीचा, आणि तो रोज नव्याने वापरला जातो. म्हणून त्याला तारखेची जोड लागते. कालचे विमान वीस तास रखडून आज निघाले, तर आजचे त्याच क्रमांकाचे विमानही त्याच सुमारास आकाशात असू शकते. मग दोघांपैकी एकाच्या क्रमांकामागे एखादे अक्षर जोडून त्यांना वेगळे करतात.

खरी गंमत रेडिओवर आहे. एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, बोलताना वैमानिक 'सहा ई' म्हणत नाही. इंडिगोचे रेडिओवरचे नाव 'आयफ्लाय'. नावापुढे क्रमांक येतो आणि तिथेच घोटाळ्याला जागा मिळते. एकाच वारंवारितेवर एकाच कंपनीची ६६५ आणि ६५६ ही दोन विमाने असली, खरखर चालू असली, की 'उंची कमी करा' ही सूचना भलत्यानेच उचलण्याचा धोका असतो. इंग्रजी 'नाइन' आणि 'फाइव्ह' कानाला जवळचे वाटतात, म्हणून विमानवाहतुकीत नऊला 'नायनर' म्हणतात. तेवढ्यावर भागत नाही. युरोपात 'युरोकंट्रोल' ही संस्था वेळापत्रकातली सारखी वाटणारी नावे आधीच हुडकून देते आणि कंपन्या रेडिओपुरता आकडे-अक्षरांचा मिश्र संकेत घेतात. विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तिकिटापेक्षा वेगळाच क्रमांक दिसतो, तो यामुळे.

अपघातानंतर क्रमांक मागे घेण्यामागे मात्र असे तांत्रिक कारण नाही. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेनंतर 'एआय १७१' च्या जागी त्याच मार्गावर '१५९' आला. मलेशिया एअरलाइन्सने २०१४ मध्ये 'एमएच ३७०' चा '३१८' केला. तारीख जोडली की संगणकाला दोन फेऱ्या वेगळ्या कळतात. पण तिकिटावर तो आकडा पाहणाऱ्या माणसाला कसे वाटेल, हा प्रश्न उरतो. आणि हा रिवाज सर्वत्र पाळला गेलेला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलेल्या ज्या बोइंग ७०७ मध्ये डॉ. होमी भाभा होते, ते मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे उड्डाण '१०१' होते. दिल्ली-न्यूयॉर्क फेरीसाठी कंपनीने पुढे हाच '१०१' वापरला.

आकडा ठेवायचा की टाकायचा हे निदान कंपनीच्या हातात असते. सुरुवातीची जोडी मात्र तिच्या मालकीची नसते. निव्वळ रोमन अक्षरांच्या जोड्या होतात जेमतेम ६७६, म्हणूनच '६ई' सारखी आकडा घातलेली जोडी काढावी लागली. २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली आणि तिचा 'आयटी' मोकळा झाला. आता तो तैवानच्या टायगरएअरकडे आहे.