तार दुसऱ्याची, ग्राहक आपला: छोट्या टेलिकॉम कंपन्यांच्या भागीदाऱ्यांची पार्श्वभूमी

आजची छोटी टेलिकॉम कंपनी बघा. नेटवर्क एका मोठ्या कंपनीकडून घाऊक दरात घेतलेलं, रात्री फोन उचलणारी माणसं कंत्राटी, बिलिंग तिसऱ्याच्याच सॉफ्टवेअरवर, आणि ग्राहकाला दिसतं ते फक्त बिलावरचं नाव. ही रचना कुणा मॅनेजमेंट गुरूच्या डोक्यातून आली असा समज आहे. प्रत्यक्षात ती आली नियामकांच्या आदेशांतून आणि कोर्टकज्ज्यांतून. खर्च वाचवण्याचा हिशोब मागाहून सुरू झाला.

अमेरिकेत एटी अँड टीची जवळपास मक्तेदारी होती. लाइन तिची, एक्स्चेंज तिचं, घरातला फोनसुद्धा तिचाच. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने इतरांची उपकरणं तिच्या नेटवर्कला जोडायची मुभा मिळाली. १९७६ मध्ये एफसीसी या नियामकाने पुढचं दार उघडलं: एटी अँड टीकडून भाड्याने घेतलेल्या खासगी लाइनी दुसऱ्यांना विकायला परवानगी दिली. १९८४ मध्ये झालेल्या एटी अँड टीच्या विभाजनाचा गाजावाजा जास्त झाला, पण त्यातून निघालेल्या सात प्रादेशिक कंपन्याही अवाढव्यच होत्या. छोट्यांसाठी खरी कलाटणी मला १९७६ चीच वाटते, कारण स्वतःची तार न टाकता टेलिफोनच्या धंद्यात उतरायची वाट तिथून खुली झाली.

सपोर्टचा गुंताही तिथूनच सुरू होतो. लाइन बंद पडली की ग्राहक फोन करणार बिल पाठवणाऱ्याला. बिघाड असतो दुसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये, आणि तिथे आपला माणूस पाऊलही टाकू शकत नाही. म्हणून या धंद्यात सपोर्टचे थर पडले. तक्रार ऐकणं, राउटर बंद-चालू करायला लावणं, तिकीट उघडणं, म्हणजे तक्रारीची नोंद करणं, हे एल-वन, पहिला थर. ते तिकीट घेऊन घाऊक पुरवठादाराच्या मागे लागणं, दोष नेमका कुणाच्या बाजूला आहे ते सिद्ध करणं हे एल-टू. एल-वनची स्क्रिप्ट लिहून देता येते, त्यामुळे ते बाहेर देणं सोपं. एल-टूला नेटवर्क कळणारा माणूस लागतो, आणि तो तीन पाळ्यांत ठेवायचा तर छोट्या कंपनीचा नफा पगारातच जातो. अनेक छोट्या कंपन्यांसाठी मिळून एकच नॉक, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी खोली, चालवणारे कंत्राटदार उभे राहिले ते या अडचणीपोटी.

१९९६ च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने जुन्या स्थानिक कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणं भाग पाडलं आणि नव्या कंपन्यांचं पीक आलं. त्यातली नॉर्थपॉइंट डीएसएल जोडण्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट, घाऊक विकायची. किरकोळ विक्री आणि सपोर्ट इंटरनेट सेवा देणाऱ्या इतर कंपन्यांकडे. व्हेरायझन या मोठ्या टेलिफोन कंपनीबरोबरचं विलीनीकरण २००० च्या अखेरीस फिसकटलं आणि जानेवारी २००१ मध्ये नॉर्थपॉइंट दिवाळखोरीत गेली. एटी अँड टीने तिची मालमत्ता घेतली, ग्राहक मात्र घेतले नाहीत. मार्चच्या अखेरीस नेटवर्क बंद झालं, सुमारे एक लाख जोडण्या तुटल्या. तिच्यावर विसंबलेल्या छोट्या कंपन्यांकडे ग्राहक होते, ब्रँड होता, फोन उचलणारी माणसंही होती. त्या माणसांकडे सांगण्यासारखं मात्र काही नव्हतं.

घाऊक करारातल्या ‘पुरवठादार बुडाला तर काय’ या कलमाकडे आजही अनेक जण शेवटच्या पानावरचा मजकूर म्हणून बघतात. मी ते कलम दराच्या आधी वाचेन.

त्याच सुमारास एक गंमत घडली. मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट देणारी छोटी कंपनी काढली. फोनवर सपोर्ट द्यायचा तर पीबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, हवा, आणि त्याची किंमत आवाक्याबाहेर. मग त्याने सॉफ्टवेअरमध्येच पीबीएक्स लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तोच ॲस्टरिस्क. इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या सिप या प्रोटोकॉलचं पहिलं मानकही त्याच वर्षीचं. या दोन्हींमुळे पुढे साध्या सर्व्हरवर फोनसेवा आणि कॉल सेंटर दोन्ही उभं करता येऊ लागलं, आणि एजंट कुठे बसतो याला फारसं महत्त्व उरलं नाही.

नेटवर्कच बाहेर चालवायला देण्याचं धाडस २००४ मध्ये भारतात एअरटेलवाल्या भारती कंपनीने मोठ्या प्रमाणावर केलं: नेटवर्क एरिक्सनकडे, आयटी आयबीएमकडे. कंपनी छोटी नव्हती, पण करारातली मेख छोट्यांनी शिकण्यासारखी. एरिक्सनचे पैसे बसवलेल्या यंत्रांवर नव्हे, तर वापरलेल्या क्षमतेवर ठरले. आयबीएमचा मोबदला महसुलाशी जोडला गेला. भांडवली खर्चाचा बराचसा भाग त्यामुळे धंद्यासोबत वाढणारा खर्च झाला. ब्रँड, विक्री आणि ग्राहकाशी नातं भारतीने स्वतःकडे ठेवलं. कामाच्या तासांवर किंवा माणसांच्या डोक्यांवर पैसे देणारे सपोर्टचे करार याच्या नेमके उलटे. बिघाड जितके जास्त, तितकं कंत्राटदाराचं बिल मोठं.

मोबाइलमध्ये वाट व्हर्जिन मोबाइलने दाखवली. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये वन-टू-वन या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर तिने सेवा सुरू केली. स्वतःचे टॉवर नाहीत, तरी ग्राहक तिचे. दहा वर्षांनी ओटू या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर आलेल्या गिफगाफने तर नेहमीचं कॉल सेंटरच ठेवलं नाही. ग्राहकांच्या शंकांची उत्तरं इतर ग्राहक देतात आणि त्याबद्दल गुण मिळवतात; त्या गुणांचे पैसे होतात. खात्यातल्या आणि पैशांच्या तक्रारी मात्र कंपनीचेच एजंट बघतात, कारण ती माहिती दुसऱ्या ग्राहकासमोर उघडता येत नाही.