नेपच्यून की व्हल्कन?

१८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी नेपच्यून शोधला, तेव्हा तो कुठे दिसेल हे आधीच कागदावर मांडलेले होते. युरेनस अपेक्षित मार्गावरून किंचित ढळत होता. त्याला कुणीतरी ओढत असणार, असे धरून उर्बँ ल वेरिये यांनी गणित केले आणि ग्रह सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळला. ल वेरिये यांनी पुन्हा तोच तर्क लढवला आणि सूर्याजवळ ‘व्हल्कन’ ग्रह असल्याचे सांगितले. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. न्यूटनचा नियमच तिथे अपुरा पडत होता; १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी तो फरक उलगडला.

डार्क मॅटर, म्हणजे स्वतः न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणाने ओढणारे कृष्णद्रव्य, यांपैकी कोणत्या वाटेने जाईल?

सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेतही, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातही (गॅलेक्सी), केंद्रापासून दूर वेग असाच घटायला हवा. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या तप्त वायुमेघांचे वेग मोजले, तर कडेपर्यंत ते फारसे घटतच नव्हते. म्हणजे न दिसणारे काहीतरी त्यांना ओढत असणार. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच कोमा दीर्घिकासमूहाबद्दल अशी शंका मांडली होती. तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी व्हल्कनचा धडा गिरवला. त्वरण अत्यंत कमी असेल तिथे गतीचा नियमच बदलतो, असे त्यांचे म्हणणे. एकेकट्या दीर्घिकांचे वेग या सूत्रात इतके नेमके बसतात, की त्याला हसून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. दीर्घिकासमूहांपाशी मात्र ते अडखळते.

बुलेट क्लस्टरमध्ये दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. त्यांचे बहुतेक साधे द्रव्य तप्त वायूच्या रूपात होते. टकरीत तो वायू मागे रेंगाळला. पण मागून येणारा प्रकाश किती वाकतो यावरून २००६ मध्ये वस्तुमानाचा नकाशा काढला, तेव्हा बहुतांश वस्तुमान दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेले दिसले. मला हा पुरावा फार वजनदार वाटतो. विश्वाच्या आद्य प्रारणाची, म्हणजे त्याच्या बालपणापासून उरलेल्या किरणांची, मोजणीही तेच सांगते : साध्या द्रव्याच्या पाचपटींहून अधिक कृष्णद्रव्य.

मग ते कशाचे बनले आहे? बरीच वर्षे भिस्त ‘विंप’ या जड, क्वचितच धडकणाऱ्या कणांवर होती. ते टिपण्यासाठी साउथ डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन पहारा देतो आहे. अजून एकही विंप हाती लागलेला नाही. म्हणून आता अनेकांचे लक्ष ॲक्सिऑनकडे वळले आहे. हा अतिशय हलका कण १९७०च्या दशकात अणुगर्भातल्या बलाचे एक निराळेच कोडे सोडवताना सुचला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याचे सूक्ष्मलहरींत रूपांतर व्हावे, असा सिद्धांत आहे. सिएटलमधला एडीएमएक्स प्रयोग त्यासाठी एकेक वारंवारता तपासतो आहे, आणि तपासायचा पट्टा अजून खूप मोठा आहे.