बाकी सगळं माणसासारखंच

आपल्याकडच्या गोष्टींतल्या भुताची एक खूण ठरलेली असते: पाय उलटे. चेहरा, हात, लुगडं, बोलणं, सगळं तुमच्याआमच्यासारखं. टाचा तेवढ्या पुढे. ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याला भीतीचं गणित चांगलंच कळत असणार. त्याच भुताला शिंगं, सुळे आणि चार हात लावा, की त्याचा राक्षस होतो. राक्षस दिसला की माणूस पळत सुटतो. उलट्या पायांच्या बाईकडे मात्र तो आधी टक लावून बघत राहतो, कारण आपण नक्की काय बघतोय याचाच त्याला उलगडा होत नाही.

या भावनेला मराठीत नेमका एक शब्द नाही, म्हणून ‘अनकॅनी’ हाच शब्द वापरू. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एर्न्स्ट येन्च यांनी १९०६ साली तिचं कारण सांगितलं: समोरची गोष्ट सजीव की निर्जीव, याचा निकाल न लागणं. सिग्मंड फ्रॉइड यांना एवढ्यावर समाधान वाटलं नाही. १९१९च्या निबंधात त्यांनी शब्दाचीच उकल केली. अनकॅनीला जर्मन शब्द ‘उनहाइमलिश’, म्हणजे ‘हाइमलिश’ नसलेलं. आणि ‘हाइमलिश’ म्हणजे घरचं, ओळखीचं. पण त्याचाच दुसरा अर्थ झाकून ठेवलेलं. म्हणजे अनकॅनी हे परकं नसतं. ते ओळखीचंच असतं, फक्त दडून राहायचं ते वर आलेलं असतं. फिरून फिरून त्याच रस्त्यावर येऊन पोचणं हेही त्यांनी याच्यातच धरलं. आपण त्याला चकवा लागणं म्हणतो.

बालपणी दडपलेल्या इच्छांवर फ्रॉइडनी जो भर दिला, तो प्रयोगशाळेत तपासणं अवघड. येन्चचा मुद्दा मात्र तपासता येतो. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये याच भावनेचा आलेख मांडला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आवडू लागतं, पण अगदी हुबेहूबच्या जरा अलीकडे आवड एकदम घसरून दरीत पडते. आणि वस्तू हलणारी असेल तर ही दरी आणखी खोल होते, असं मोरींचं म्हणणं.

हलण्याने एवढं काय होतं? २०१२ साली आयशे सायगिन आणि सहकाऱ्यांनी २० जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना तीन प्रकारचे व्हिडिओ दाखवले: खरी बाई, तिच्यासारखा हुबेहूब दिसणारा यंत्रमानव आणि कातडी काढून तारा उघड्या पाडलेला तोच यंत्रमानव. बाई बाईसारखी हलली, उघडं यंत्र यंत्रासारखं हललं. दोन्हीत रूप आणि हालचाल यांचा मेळ होता. मधल्या प्रकारात मात्र रूप माणसाचं आणि चाल यंत्राची. तिथेच मेंदूच्या पार्श्वखंडातला प्रतिसाद वेगळा उठून दिसला. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की मेंदू रूपावरून पुढच्या हालचालीचा अंदाज आधीच बांधतो, आणि तो चुकला की त्याला जादा काम पडतं.

भयपटवाले नेमका हाच अंदाज चुकवतात. हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’मध्ये (१९९८) सादाको नावाचं भूत विहिरीतून येतं, तेव्हा अभिनेत्री प्रत्यक्षात मागे मागे चालली होती, फिल्म उलटी फिरवली. गंमत अशी की मागे चालताना आधी चवडा टेकतो आणि टाच शेवटी उचलली जाते. ते उलटं दाखवलं की टाच आधी टेकते, म्हणजे पावलं जवळपास बरोबरच दिसतात. बिघडतं ते बाकीचं. केस आणि कपडे शरीरामागे रेंगाळायच्या ऐवजी किंचित पुढे राहतात, शरीराचा तोल कारणाच्या आधी परिणाम झाल्यासारखा जातो. काय चुकलंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. उलट्या पायांची हीच तर चाल!

दुसरी युक्ती ‘जेकब्ज लॅडर’मधली (१९९०). डोकं हलवणाऱ्या माणसाचं चित्रण सेकंदाला फक्त ४ चौकटींनी (फ्रेम्सनी) केलं आणि दाखवताना नेहमीच्या २४ ठेवल्या. वेग सहापट. पण खरी करामत वेगाची नाही. ४ चौकटींच्या गतीला प्रत्येक चौकट साधारण १/८ सेकंद उघडी राहू शकते, २४ ला १/४८. त्यामुळे चेहरा फासल्यासारखा पुसट होतो. साधं चित्रण संगणकावर सहापट पळवलं तर प्रत्येक चौकट स्वच्छ राहते, आणि हाती लागतो तो मूकपटातला विनोदी पळापळीचा प्रसंग.

हसू त्याहून स्वस्त. मनापासूनचं हसू साधारण अर्ध्या ते चार सेकंदांत ओसरतं आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू त्यात सामील असतो. ओठ हसते ठेवून डोळे मोकळे सोडा आणि दहा सेकंद थांबा. मेकअपचा खर्च शून्य.

एवढं सोपं असून इतके भयपट का फसतात? लोभ. हसू थांबवलं, मग डोळे काळे केले, मान वळवली, आवाज घोगरा केला. तिसऱ्या बदलाला मेंदूचा निकाल लागतो: ‘राक्षस’. संभ्रम संपला की उरते साधी भीती. त्यावर धाडकन आवाज टाकला तर दचकणं येतं, पण ती मेंदूच्या खालच्या थरातली क्षणभराची प्रतिक्षिप्त क्रिया. प्रेक्षक उडतो आणि लगेच हसून मोकळा होतो. संभ्रमाला वेळ लागतो. कॅमेरा स्थिर, चौकट रुंद, आणि चुकलेली गोष्ट कोपऱ्यात, कुणीही तिच्याकडे बोट न दाखवता.

फ्रॉइडनीच लिहिलेला एक प्रसंग आहे. रेल्वेच्या डब्यात ते एकटे असताना झटक्याने दार उघडलं आणि घरगुती झगा घातलेला एक म्हातारा आत आला. त्याला चूक सांगायला ते उठले, तर दारावरच्या आरशातलं ते त्यांचंच प्रतिबिंब होतं. ते रूप त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

इटलीतले मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनी २०१०मध्ये हे प्रयोगातच बसवलं. ५० जण, ४० सेंटिमीटरवर आरसा, पाठीमागे २५ वॅटचा दिवा, दहा मिनिटं स्वतःकडे एकटक पाहायचं. ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर विद्रूप झालेला दिसला, जवळपास निम्म्यांना अक्राळविक्राळ आकृत्या. सुरुवात बहुधा मिनिटभरातच. एक स्पष्टीकरण १८०४ साली स्विस डॉक्टर ट्रॉक्सलर यांनी नोंदलेल्या गोष्टीचं: नजर एका जागी खिळली की कडेचे तपशील विरतात, आणि मग मेंदू स्वतःच्या अंदाजाने जागा भरतो. घरी करून बघायचं असेल तर दिवा मागे ठेवा, समोर नाही, आणि नजर हलू देऊ नका. हलली की चेहरा जागेवर येतो.