मेडल राहिलंय की मेडलची नोंद राहिलीय? माजी सैनिकांच्या कागदातला नेहमीचा घोळ

परवा एकजण कागदांची पिशवी घेऊन आला, म्हणे वडलांचं ७१ च्या युद्धाचं मेडल राहिलंय, जरा अर्ज लिहून दे. मी विचारलं, मेडल राहिलंय का नोंद राहिलीय? तो म्हणाला, एकच की रे ते. एकच नाहीये. आणि हेच न कळल्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या फौजींचे अर्ज महिनोन्महिने फिरून रिकाम्या हाताने परत येतात.

सोपं करून सांगतो. नोंद म्हणजे तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलमध्ये (तुमच्या नोकरीच्या नोंदींचा कागद) आणि तुमच्याकडच्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणारं पुस्तक), अमुक मेडल मंजूर आहे असं लिहिलेलं असणं. आणि मेडल म्हणजे तो रिबनला लटकणारा धातूचा तुकडा, आमच्याकडे गावात ज्याला सरळ बिल्ला म्हणतात तो. नोंद असून बिल्ला हातात न आलेले लोक ढीगभर आहेत. उलटंही आहे, छातीवर बिल्ला आहे आणि कागदावर पत्ताच नाही.

आमच्या नानांचं पहिल्या प्रकारातलं. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलेला माणूस, घरात पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत बिस्किटाचा डबा, डब्यात एकच मेडल आणि त्याचीही रिबन उंदराने कुरतडलेली. नानांचं म्हणणं, मला तीन मिळायला पाहिजे होती, मला डावललं. डिस्चार्ज बुक उघडलं, कव्हर सुटलेलं, दोऱ्याने शिवलेलं, पण मेडलच्या रकान्यात निळ्या शाईत तिन्ही व्यवस्थित: ७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल आणि नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल, शेजारी ऑफिसरची सही. म्हणजे डावललं कुणीच नव्हतं, दोन मेडलं फक्त हातात पडली नव्हती. आमच्याच एका पोराने आधी त्यांना अर्ज टाइप करून दिला होता की माझं रेकॉर्ड दुरुस्त करा आणि मेडल द्या. आठ महिन्यांनी उत्तर आलं, रेकॉर्ड बरोबर आहे, दुरुस्तीची गरज नाही. नाना चिडले, शिव्या दिल्या, पण खरं सांगायचं तर उत्तर चुकीचं नव्हतं, प्रश्नच चुकीचा विचारला होता. मग दुसरा अर्ज दोन ओळींचा केला: नोंद आहे, पानाची झेरॉक्स जोडलीय, ही दोन मेडलं मिळाली नाहीत, ती इश्यू करावीत. बास. इथे काही सिद्ध करायचं नसतं.

मिळून हरवलेलं असेल तर तसंच लिहा, कधीच मिळालं नाही असं ठोकून देऊ नका, कारण वाटपाचीही नोंद असते. हरवलेल्यासाठी पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र वगैरे मागतात आणि पैसे भरावे लागतात. आणि कँटोन्मेंटजवळच्या दुकानात मिळतात त्या कॉप्या. घालून परेडला जायला ठीक आहेत, खुद्द नोकरीतली पोरंही विकत घेतात, पण सरकारी गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातल्याची कड कोरी. एकदा नखाने चाचपून बघा, लगेच कळतं.

आता दुसरा प्रकार, नोंदच नसण्याचा. ह्यात खरी डोकेफोड आहे. नोंद होते कशी ते आधी समजून घ्या. पलटण पार्ट टू ऑर्डर काढते. लग्न, मूल, रजा, बढती, मेडल, सगळं त्यात येतं, ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून शीट रोलमध्ये एंट्री पडते. पार्ट टू निघालीच नाही किंवा यादीत तुमचा नंबर सुटला, तर तुम्ही लढाईत असूनही कागदावर नसता. आणि सुटतात ते बहुतेक ठरलेले लोक: दुसऱ्या युनिटला अटॅच केलेले, म्हणजे तात्पुरते जोडलेले, हॉस्पिटलात पडलेले, ऐन वेळी पोस्टिंग झालेले. आपली पलटण म्हणते तो तिकडे होता, तिकडची म्हणते तो आमचा नव्हता.

शेजारचे आण्णा असेच. त्यांचा दावा ‘पूर्वी स्टार’ या मेडलचा. इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण ७१ च्या मेडलांबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. संग्राम मेडलचा परीघ मोठा होता, जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, बंगाल, आसाम अशा भागात ३ डिसेंबर १९७१ पासून पुढे वर्षभरात जे ड्यूटीवर होते त्यांना ते लागू झालं. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्यांना, पूर्वेचा वेगळा, पश्चिमेचा वेगळा. बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेल्या १ मराठाच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनच्या, आपल्या जंगी पलटणीच्या जवानाला पूर्वी स्टार, यात वादच नाही. पण त्याच डिसेंबरात जो बेळगावच्या सेंटरमध्ये रिक्रूटांना परेड शिकवत होता त्याला नाही, मग तो कितीही म्हणो की मीपण ७१ ला फौजेतच होतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, माहितीय. तरी अर्ज करायच्या आधी स्वतःलाच विचारा, त्या तारखांना मी नेमका कुठे होतो?

आण्णा खरंच तिकडे होते, दुसऱ्या युनिटला अटॅच म्हणून बॉर्डर ओलांडलेली. पण डिस्चार्ज बुकात फक्त संग्राम. छातीवरचा पूर्वी स्टार दुकानातला. दोन वर्षं ते मित्रांची प्रतिज्ञापत्रं गोळा करत बसले, माझ्या मते ती वर्षं वाया गेली, कारण पन्नास वर्षांनी मित्र काय आठवतो यापेक्षा त्या वेळचा कागद जड पडतो. शेवटी माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्यांच्याच शीट रोलची प्रत मागवली. त्यात एका ओळीत अटॅचमेंट सापडली, नोव्हेंबर ७१ ते फेब्रुवारी ७२, पार्ट टू नंबरसकट! मग अर्ज असा झाला की या ऑर्डरप्रमाणे मी या युनिटबरोबर होतो, त्या युनिटला पूर्वी स्टार मिळाला, माझं नाव यादीत आलेलं नाही, तपासून नोंद करावी. मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचा तारखेचा कागद, पे बुक असलं काही असेल तर तेही चालतं. फक्त झेरॉक्स पाठवा हो, मूळ डिस्चार्ज बुक पोस्टात टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो.

एक मधला प्रकार क्लास्पचा. मेडलची नोंद असते पण रिबनवरच्या पट्टीची नसते. १९६१ ला गोव्यात उतरलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर ‘गोवा १९६१’ असा क्लास्प आहे. आधीच ते मेडल असेल तर दुसरं मिळत नाही, पट्टी वाढते, म्हणून ही मागणी नोंद दुरुस्तीची होते. आणि एक आजोबा ऑपरेशन विजय मेडल मागत होते, गोव्याच्या कारवाईचं नाव ऑपरेशन विजयच होतं ना म्हणून! बरोबर, होतं. पण त्या नावाचं मेडल आणि स्टार १९९९ च्या कारगिलसाठीचे आहेत.

शौर्य पुरस्कारांचं वेगळंच. वीरचक्र, सेना मेडल हे भारताच्या राजपत्रात छापून येतात, त्यामुळे नोंद राहिली असेल तर राजपत्राची तारीख आणि क्रमांक शोधा, त्याच्यापुढे कोण बोलत नाही. पैशाचे लाभपण ह्यांनाच असतात. नुसत्या सेवा मेडलने पेन्शन वाढत नाही, त्या आशेने कोणी धावपळ करत असेल तर राहू द्या.

अर्ज कुठे? मेडल आणि नोंद, दोन्हींसाठी सुरुवात आपल्याच रेजिमेंट किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर बरं, नंबर आणि हुद्दा नीट लिहिलाय की नाही ते तिथे बघतात. वडील गेले असतील तर आईच्या नावाने करा. आणि पेन्शन न मिळता लवकर घरी आलेल्यांनी तर घाई करावी, कारण त्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, नंतर लाँग रोल नावाच्या रजिस्टरातल्या त्रोटक माहितीवर भागवावं लागतं.

आण्णांना उत्तर आलंय की संबंधित युनिटकडून पडताळणी मागवली आहे. तोवर दुकानातला स्टार त्यांनी काढून डबीत ठेवलाय, १६ डिसेंबरच्या विजय दिवसाच्या कार्यक्रमाला एकटं संग्राम लावून आले होते.