इंजिन बेल्टचा रिकॉल: ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीमालकांनी काय तपासायचं, तक्रार कुठे करायची

रिकॉल, म्हणजे सदोष पार्ट फुकट दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, चेसिस नंबरवर निघतो. गाडी सेकंडहँड असो, कर्ज चालू असो की वॉरंटी संपलेली असो, कंपनीच्या यादीत तुमचा चेसिस नंबर असेल तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. पत्र मात्र नोंदीतल्या पत्त्यावर जातं. एमएच ०४ ची गाडी ऐरोलीत विकली आणि आरसी ट्रान्सफर राहिली, तर पत्र ठाण्यातल्या जुन्या मालकाकडे पडून राहतं. त्यामुळे आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर स्वतः टाकून पाहा. बातमीत आपलं मॉडेल दिसलं एवढ्यावर जाऊ नका. सदोष पार्ट बहुधा ठरावीक महिन्यांच्या उत्पादनातच गेलेला असतो.

बेल्ट कोणता, हे आधी समजून घ्या. बाहेरचा बेल्ट, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप फिरवतो. तो घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ टेंपरेचर चढतं. लगेच इंजिन बंद करा. दुसरा टायमिंग बेल्ट, इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पुन्हा सेल्फ मारू नका, टोइंग बोलवा. तिसरा, ऑइलमध्ये फिरणारा बेल्ट. फोर्डने २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे १,३९,७०० फोकस आणि इकोस्पोर्ट परत बोलावल्या, त्या ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) निकामी होत होता म्हणून. ऑइलचं प्रेशर गेलं की इंजिन बंद पडतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाते.

वयाने झिजलेला किंवा ठरलेल्या किलोमीटरनंतरही न बदललेला बेल्ट रिकॉलमध्ये बसत नाही. दोष डिझाइनचा, मटेरियलचा किंवा जुळणीचा हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०ए खालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि त्यांत गाडी उत्पादनापासून ७ वर्षांच्या आतली लागते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर असतं. रजिस्ट्रेशनच्या तारखेवरून मोजू नका.

यादीत नंबर नाही, पण तोच दोष दिसतोय? मग केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवा. आरसी आणि 'वाहन' या सरकारी नोंदणी यादीतला चालू मोबाइल नंबर हाताशी ठेवा; नंबर जुना असेल तर आधी परिवहन पोर्टलवर तो बदलून घ्या. तक्रारीत 'आवाज येतो' एवढंच लिहून भागत नाही. किती किलोमीटरला, थंड इंजिनला की गरम, कोणता दिवा लागला, जॉब कार्डचा (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदाचा) नंबर काय, हे लिहा. एका तक्रारीने रिकॉल निघत नाही, त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीच्या प्रमाणात तक्रारी जमाव्या लागतात. म्हणूनच प्रत्येकाने नोंदवणं महत्त्वाचं आहे.

यादीत नंबर असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरची अपॉइंटमेंट घ्या; आरटीओत जायची गरज नाही. आरसी आणि ओळखपत्र न्या. दुसऱ्याला पाठवत असाल तर सहीचं पत्र द्या. त्याच दोषासाठी आधी खर्च केला असेल तर जीएसटी बिल, जॉब कार्ड आणि शक्य असेल तर जुना बेल्टही न्या. परतावा त्या रिकॉल मोहिमेच्या अटींवर ठरतो.

रिकॉलचं जॉब कार्ड सर्व्हिसिंगपासून वेगळं करायला सांगा. त्यावर मोहिमेचा नंबर, बदललेल्या पार्टचे नंबर आणि रक्कम शून्य, हे सगळं हवं. टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्टला वाट देणारं चाक) हीही बदलणार का, ते विचारा. ऑइलमधल्या बेल्टचे रबराचे कण सुटले असतील तर नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही: कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, त्यामुळे सम्प (इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं) खोलून जाळी साफ करणं आणि ऑइल व फिल्टर बदलणं आलंच.

टाळाटाळ झाली तर कंपनीला ईमेल करा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात येतात, ठाण्यात नाही.