लाइव्ह कनेक्शनवरचे डॅशबोर्ड संथ का होतात: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

लाइव्ह कनेक्शनवर, म्हणजे मूळ डेटाबेसशी थेट जोडून, चालणारा डॅशबोर्ड (आलेख एकत्र दाखवणारे पान) उघडायला अर्धे मिनिट लागू लागले, की पहिला संशय सर्व्हरवर जातो, दुसरा नेटवर्कवर आणि तिसरा ज्या साधनात रिपोर्ट बांधला त्यावर. या तिघांचा दोष कधीकधी असतोही. परंतु अडचणीचे मूळ बहुधा त्याआधीच्या एका निर्णयात असते. विश्लेषणासाठी डेटाची वेगळी प्रत काढून ठेवायची, की प्रत्येक प्रश्न थेट मूळ डेटाबेसलाच विचारायचा, हा तो निर्णय. गेल्या काही दशकांत त्याचे उत्तर अनेकदा फिरले आहे, आणि लाइव्ह कनेक्शनचा वेग वाढवण्यासाठी आज सुचवले जाणारे बहुतेक उपाय याच उलटसुलट प्रवासात जन्मलेले आहेत.

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याची रीत) मांडले आणि पुढच्या दशकात त्यावर आधारलेले डेटाबेस व्यवसायांत रुळले. हे डेटाबेस प्रामुख्याने व्यवहार नोंदवण्यासाठी घडवलेले होते. एक ऑर्डर आली, तिची एक ओळ लिहिली, साठ्यातला एक आकडा बदलला, असे त्यांचे काम. एकच माहिती दोन ठिकाणी राहू नये म्हणून टेबले बारीक तुकड्यांत विभागलेली असत, आणि एकेक ओळ चटकन सापडावी यासाठी इंडेक्स असत. रिपोर्टची गरज याच्या नेमकी उलट असते. त्याला लाखो ओळी वाचाव्या लागतात, त्यांतले दोन-तीनच स्तंभ हवे असतात आणि शेवटी हाती एखादी बेरीज किंवा सरासरी उरते. दोन्ही कामे एकाच यंत्रावर एकाच वेळी केली, की काउंटरवरचा व्यवहार अडतो आणि रिपोर्टही रखडतो. म्हणून मोठे रिपोर्ट रात्री चालवले जात. बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात व्यवसायासाठी वेगळ्या डेटा वेअरहाऊसची, म्हणजे विश्लेषणासाठीच्या स्वतंत्र साठ्याची, रचना मांडली, ती याच कोंडीतून. पुढे बिल इनमन यांनी ही कल्पना रूढ केली, आणि राल्फ किंबॉल यांनी १९९६च्या पुस्तकात स्टार स्कीमाची पद्धत तपशिलाने शिकवली: मध्ये मोजमापांचे फॅक्ट टेबल, भोवती तारीख, ग्राहक, उत्पादन अशी वर्णनाची टेबले, आणि त्यांच्यात एकाच पायरीचे जॉइन, म्हणजे टेबले एकमेकांशी जुळवणे. आजची डॅशबोर्ड साधने जे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) आपोआप लिहितात, त्याला हीच रचना मानवते. व्यवहाराच्या डेटाबेसच्या शेकडो टेबलांवर थेट डॅशबोर्ड बांधला, तर साधन सहा-सात पायऱ्यांचे जॉइन लिहिते आणि डेटाबेस ते निमूटपणे पार पाडत बसतो.

त्याच काळात क्यूबची लाट आली. आर्बर सॉफ्टवेअरचे एस्बेस हे क्यूबचे उत्पादन १९९२ मध्ये बाजारात आले. पुढच्याच वर्षी कॉड यांनी ओलॅपचे, म्हणजे अनेक पैलूंनी आकडे तपासण्याच्या पद्धतीचे, १२ नियम प्रसिद्ध केले, आणि तो लेख आर्बरच्याच खर्चाने लिहिला गेला होता हे उघड झाल्यावर त्यावर बरीच टीका झाली. पण नाव मात्र टिकले. क्यूबमध्ये शक्य त्या बेरजा आधीच करून ठेवलेल्या असत, त्यामुळे उत्तर झटपट मिळे. वर्णनाचे पैलू वाढत गेले की जोड्यांची संख्या मात्र बेसुमार वाढे, क्यूब बांधायला रात्र अपुरी पडे, आणि सकाळी हाती येणारा आकडा आदल्या संध्याकाळचा असे.

याला उत्तर म्हणून आलेला प्रवाह लाइव्ह कनेक्शनचा खरा पूर्वज आहे. मायक्रोस्ट्रॅटेजीसारख्या उत्पादनांनी क्यूब बाजूला ठेवला आणि वापरकर्त्याच्या प्रश्नाचे एसक्यूएल तयार करून ते थेट रिलेशनल डेटाबेसकडे पाठवले. या पद्धतीला रोलॅप म्हणत. तिच्याविषयीची तक्रार तेव्हाही तीच होती: रिपोर्ट संथ चालतो. तिच्यावरचा इलाजही लवकरच सापडला. वारंवार विचारल्या जाणाऱ्या बेरजांची लहान टेबले तयार ठेवायची आणि प्रश्न आला की मूळ टेबलाऐवजी तिकडे वळवायचा. सगळ्या शक्य बेरजा साठवणे परवडत नाही, मग नेमक्या कोणत्या साठवाव्यात, या प्रश्नावर हरिनारायण, राजारामन आणि उलमन यांनी १९९६ मध्ये एक सोपी, पायरीपायरीने निवड करणारी रीत मांडली. दशक संपता संपता ओरॅकल ८आय या डेटाबेसमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू (साठवून ठेवलेली तयार उत्तरे) आले, आणि डेटाबेस स्वतःच क्वेरी, म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न, बदलून तयार बेरजेकडे नेऊ लागला. या उपायाची एक मर्यादा आजही तशीच आहे. दिवसवार विक्रीच्या बेरजांतून महिन्याची विक्री काढता येते. पण दिवसवार वेगवेगळ्या ग्राहकांच्या संख्या मिळवून महिन्याचे वेगळे ग्राहक निघत नाहीत, कारण एकच ग्राहक अनेक दिवशी आलेला असतो. डॅशबोर्डवरचा सर्वांत रेंगाळणारा आकडा पुष्कळदा हाच असतो.

२००० नंतर तोल पुन्हा प्रतीकडे झुकला. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतले मोनेटडीबी आणि २००५ मध्ये मांडलेले सी-स्टोअर यांनी दाखवून दिले, की ओळींऐवजी स्तंभ एकत्र साठवले तर विश्लेषणाचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. लागणारे स्तंभ तेवढेच वाचले जातात, आणि एका स्तंभातली मूल्ये एकसारखी असल्यामुळे ती दाबून लहानही करता येतात. मेमरी स्वस्त होत होती, तिचीही साथ मिळाली. स्टॅनफर्डमधल्या पोलॅरिस प्रकल्पातून घडलेल्या टॅब्लोने २०१० मध्ये ६.० आवृत्तीत स्वतःचे डेटा इंजिन दिले, त्याच वर्षी एक्सेलला पॉवरपिव्हट जोडले गेले, आणि क्लिकव्ह्यू तर आधीपासूनच सारा डेटा मेमरीत घेत असे. क्लिक केल्याबरोबर आलेख बदलण्याची सवय लोकांना या साधनांनी लावली. लाइव्ह कनेक्शनवरच्या आजच्या रिपोर्टकडून आपण ठेवतो ती वेगाची अपेक्षा मुळात प्रतीवर चालणाऱ्या साधनांमुळे तयार झाली आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

मग थेट जोडणीकडे परत का वळावे लागले? डेटा मेमरीत मावेनासा झाला, हे एक कारण. कोणाला काय दिसावे याचे नियम मूळ डेटाबेसात असतात आणि प्रत काढली की ते नव्याने बांधावे लागतात, हे दुसरे. ताज्या आकड्यांची मागणी तर होतीच. एसक्यूएल सर्व्हर २०१२च्या टॅब्युलर मॉडेलमध्ये डायरेक्टक्वेरीची, म्हणजे प्रत न काढता थेट डेटाबेसला विचारण्याची, सोय आली आणि पुढे पॉवर बीआय या रिपोर्टच्या साधनानेही ती घेतली. रेडशिफ्ट, बिगक्वेरी, स्नोफ्लेक यांसारख्या क्लाउडवरच्या वेअरहाऊसनी स्तंभवार साठवण मूळ ठिकाणीच आणून ठेवली, त्यामुळे प्रत काढण्याचे एक मोठे कारण सौम्य झाले.

मधल्या काळात डॅशबोर्ड मात्र बदलला होता. रोलॅपच्या दिवसांत विश्लेषक एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाही. आता एका पानावर १२ आलेख आणि ५ फिल्टर असतील, तर पान उघडताच प्रत्येक आलेखाची किमान एक क्वेरी निघते आणि फिल्टरमधल्या यादीसाठीही वेगळी क्वेरी जाते. वापरकर्त्याने एकामागून एक तीन पर्याय निवडले, तर हा सारा ताफा तीनदा धावतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन फेऱ्यांची उत्तरे कोणी पाहतही नाही. सकाळच्या बैठकीआधी ४० जणांनी तेच पान उघडले, तर डेटाबेसवर काही मिनिटांत शेकडो क्वेरी आदळतात. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये एका स्रोतासाठी एकाच वेळी उघडणाऱ्या जोडण्यांची मूळ मर्यादा १० आहे. त्यापुढच्या क्वेरी रांगेत थांबतात. त्यामुळे प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे वेगवान असूनही पान संथ वाटू शकते.

एखादी क्वेरी जवळून पाहिली, की बाकीची कारणे उलगडतात. रिपोर्ट बांधणाऱ्याने तारखेचे रूपांतर मजकुरात करून त्यावर फिल्टर लावला, की तयार होणाऱ्या एसक्यूएलमध्ये अट तारखेच्या स्तंभावर राहत नाही, तर त्या स्तंभावर चालवलेल्या फंक्शनवर जाते. इंडेक्स असूनही तो सहसा वापरता येत नाही आणि टेबल पहिल्या ओळीपासून वाचावे लागते. डेटा स्वच्छ करण्याच्या पायऱ्या रिपोर्टच्या साधनात लिहिल्या असतील, तर त्या प्रत्येक क्वेरीच्या पोटात उपक्वेरी होऊन बसतात आणि दर क्लिकला नव्याने चालतात. ज्या टेबलांतले नाते पक्के आहे तिथेही साधन खबरदारी म्हणून लेफ्ट आउटर जॉइन (जोडी न मिळालेल्या ओळीही राखणारा) लिहिते. नात्याची खात्री देणारा पर्याय निवडला तर इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी घेणारा) जातो आणि डेटाबेसला मोकळीक मिळते. म्हणूनच रूपांतराचे काम डेटाबेसाच्या बाजूला, रात्रीच्या लोडमध्ये (डेटा भरण्याच्या फेरीत) किंवा तयार टेबलात नेऊन ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो किंबॉल यांच्या काळापासून फारसा बदललेला नाही.

साधने बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने बरेच केले. टॅब्लो ९.० ने २०१५ मध्ये एकसारख्या क्वेरी एकत्र करण्याची आणि अनेक क्वेरी समांतर चालवण्याची सोय आणली. पॉवर बीआयमध्ये फिल्टरला 'लागू करा' असे बटण देता येते, त्यामुळे तीन निवडींसाठी एकच फेरी होते. २०१९ मध्ये तिथे परफॉर्मन्स ॲनालायझर आला आणि प्रत्येक आलेखाचा वेळ क्वेरीत गेला, चित्र रंगवण्यात गेला की नुसत्या थांबण्यात, हे वेगळे दिसू लागले. हे पाहण्याआधी सर्व्हर वाढवणे हा निव्वळ अंदाजाचा खर्च असतो. २०१८ मध्ये आलेली संमिश्र मॉडेल्स आणि ॲग्रिगेशन्स यांत तपशील थेट स्रोतात राहतो आणि वरच्या बेरजा मेमरीत ठेवता येतात. निवडक बेरजा साठवण्याची १९९६ची कल्पना इथे नव्या कपड्यांत भेटते.

लाइव्ह जोडणीची गरज मात्र अनेकदा तपासलीच जात नाही. ज्या वेअरहाऊसमध्ये डेटा रात्री एकदाच भरला जातो, त्यावर दिवसभर लाइव्ह डॅशबोर्ड चालवून आकडे कालचेच मिळतात. क्लाउडवर याचे बिलही येते, कारण तिथे वाचलेल्या डेटाचे किंवा यंत्र चालू राहिलेल्या वेळेचे पैसे मोजावे लागतात. अशा ठिकाणी रात्रीच्या लोडनंतर एकदा प्रत काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो; थेट जोडणी राखून ठेवावी ती मिनिटागणिक बदलणाऱ्या किंवा खरोखरच अवाढव्य डेटासाठी.

प्रत आणि थेट जोडणी यांतली रेषा पुसण्याचा अलीकडचा प्रयत्न मायक्रोसॉफ्ट फॅब्रिकमध्ये दिसतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या डायरेक्ट लेकमध्ये स्तंभवार साठवलेल्या फाइलींमधले लागणारे स्तंभच गरजेनुसार मेमरीत घेतले जातात, वेगळी आयात करावी लागत नाही. मात्र एसक्यूएल एंडपॉइंटवरून (एसक्यूएलने डेटापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरून) जोडलेल्या मॉडेलमध्ये टेबलाऐवजी व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) वापरला, किंवा डेटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की क्वेरी डायरेक्टक्वेरीच्या वाटेने जाऊ शकते. रिपोर्टचे रूप तेव्हा बदलत नाही, वेग तेवढा उतरतो. म्हणून अशा मॉडेलवरचा रिपोर्ट संथ झाला, तर क्वेरी कोणत्या वाटेने गेली हेच आधी पाहावे लागते.